वस्तऱ्याचा शिकाऊ हात

मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची मूर्ती पाहिली की प्रत्येक सहलीत कुणीतरी हमखास विचारतं, "दाढी कशी नाही?" किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं, साधारण १६९५ चं, आणि मूर्ती खरोखरच बिनदाढीची आहे. यावर गाईड लोक उत्तर देतात, पण दर गाईडचं उत्तर वेगळं. लहानपणापासून मी निदान चार उत्तरं ऐकली आहेत आणि चारही तेवढ्याच खात्रीने सांगितलेली.

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न बारीक कसा करायचा ते पाहिलं होतं. हा त्याचाच नमुना समजा. "मूर्तीला दाढी का नाही" या प्रश्नाला नुसत्या मूर्तीकडे बघून उत्तर मिळत नाही, मिळतात त्या गोष्टी. पण तोच प्रश्न जरा वळवला तर? आपल्याकडे दाढी काढली कशी जायची, कोणत्या हत्याराने, आणि ते हत्यार चालवायला माणूस शिकायचा कुणाकडून? आता तुमच्या हातात धातू आहे, धार आहे, धंदा आहे, जात आहे. कागदपत्रं सापडू शकतात, प्रयोग करता येतो, माणसांना विचारता येतं.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला किल्ल्यात सुचला नाही. सुचला न्हाणीघरात, गालावर दोन ठिकाणी रक्त आलेलं असताना. दोन वर्षांपूर्वी मी उघड्या वस्तऱ्याने दाढी करायला सुरुवात केली. हौस म्हणा, किंवा धारेच्या सूक्ष्मरचनेवर वाचत होतो म्हणून. नवशिक्यासाठी लिहिलेलं जे जे मिळालं ते वाचलं. त्यातलं कामाचं थोडक्यात सांगतो, कारण पुढचा इतिहास त्याशिवाय कळणार नाही.

पहिली गोष्ट पाणी. दाढीचा केस कोरडा असताना कापायला जेवढा जोर लागतो त्याहून बराच कमी जोर तो भिजल्यावर लागतो. म्हणून गरम पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी भिजवायची, मग साबणाचा फेस. "बिनपाण्याने हजामत" हा आपल्याकडे वाक्प्रचार का झाला ते एकदा घाई केलीत की कळतं. दुसरी गोष्ट कातडी. डाव्या हाताने ती ताणून धरायची. ढिल्या कातडीवर पातं चालत नाही, रुततं. तिसरी गोष्ट कोन. पातं गालाशी साधारण ३० अंशांत, आणि सुरुवात सपाट गालापासून, केसांच्या वाढीच्या दिशेने. हनुवटी आणि वरचा ओठ पहिल्या आठवड्यात सोडून द्या. चौथी गोष्ट पट्टा. दाढीआधी पातं चामड्याच्या पट्ट्यावर परजायचं, पण पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. उलटं केलंत तर पट्टा कापला जातो. दगडावर धार मात्र क्वचितच लावायची. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, त्यामुळे धारेचा कोन घडणाऱ्यानेच आत ठरवून दिलेला असतो. ही मला अतिशय हुशारीची रचना वाटते. मोजपट्टी हत्यारातच.

आणि पाचवी गोष्ट मालवणात राहणाऱ्यांसाठी, जी कुठेच लिहिलेली नव्हती: खारा वारा. जुलैत एका रात्री पातं ओलं राहिलं आणि सकाळी धारेवर तांबूस ठिपके. तेव्हापासून पुसून, सुकवून, खोबरेल तेलाचं बोट फिरवल्याशिवाय मी वस्तरा ठेवत नाही.

या सगळ्या सूचना वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. त्यांतला नवशिका नेहमी एकच असतो: आरशासमोर उभा असलेला, एकटा, स्वतःचीच दाढी करणारा पुरुष. जणू वस्तरा जन्माला आला तो याच्याचसाठी.

पण हा माणूस इतिहासात फार उशिरा येतो. पॅरिसमधल्या झां-झाक पेरे या कारागिराने १७६९ मध्ये एक पुस्तक छापलं. विषय होता स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला. पेरे सुऱ्या-कात्र्या बनवणारा होता, वस्तरे विकणं हा त्याचा धंदा. पात्याला लाकडी आवरण घालून कापण्याची भीती कमी करणारा वस्तराही त्याने सुचवला. म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातही स्वतःची दाढी करणं ही पुस्तक लिहून शिकवण्याची नवी गोष्ट होती. त्याच सुमारास शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात बसवलेल्या मुशीतल्या पोलादाच्या पद्धतीमुळे चांगली धार धरणारं एकजिनसी पोलाद मिळू लागलं होतं. पोलाद सुधारलं, तशी धार गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या हातात जाऊ लागली.

इथे मुंबई येते, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे इथल्या एका पोलादाचे नमुने पाठवले. नाव 'वुट्झ', बहुधा कन्नड 'उक्कु' या शब्दाचं इंग्रजी कानांनी केलेलं रूप. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला आणि शीर्षकातच लिहून टाकलं की हे पोलाद मुंबईत तयार होतं. मुंबईत ते तयार होत नव्हतं. ते दक्षिणेतल्या भट्ट्यांमधलं होतं आणि मुंबई हे फक्त पाठवण्याचं ठिकाण. संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं: पाकिटावरचा शिक्का म्हणजे वस्तूचं गाव नव्हे. आजही नमुन्याचं मूळ लिहिताना हीच चूक होते, मीही केली आहे.

हे पोलाद लंडनच्या जेम्स स्टोडार्टच्या हाती पडलं. तो शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवणारा, आणि वुट्झवर इतका खूश की दुकानाच्या जाहिरातीत ते युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा सरस म्हणून सांगत असे. त्याच्याबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर काम करायला आला मायकेल फॅरडे. होय, विजेचा तोच. १८२० आणि १८२२ मध्ये दोघांचे निबंध आले. पोलादाच्या ५०० भागांत चांदीचा १ भाग, मग प्लॅटिनम, ऱ्होडियम असे नाना प्रयोग. टिंडलने लिहून ठेवलंय की या मिश्रधातूंपैकी एकाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देत असे. विचार करा, भेट मिळालेल्या वस्तऱ्याने दाढी करत कुणीतरी फॅरडेचा प्रयोग रोज सकाळी तपासत होतं.

वुट्झच्या गुणांचं कारण मात्र फॅरडेचं चुकलं. त्याला वाटलं त्यात ॲल्युमिनियमसारखे घटक आहेत, त्यांच्यामुळे ते असं. आज आपण मुख्य श्रेय कार्बनला देतो. मला ही चूक सांगताना मजा वाटते, कारण प्रयोगवहीत चुकीचं कारण लिहिलं गेलं की आपण लगेच स्वतःला नालायक ठरवून मोकळे होतो.

यातला एक प्रश्न तर आपल्या काळापर्यंत उघडा राहिला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. मग केस कापून पोलाद बोथट होतं कसं? एमआयटीतल्या जानलुका रोशोली या पीएचडीच्या विद्यार्थ्याने यावर काम केलं. तो साध्या रेझरने स्वतःची दाढी करायचा आणि ते पातं प्रयोगशाळेत नेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. धार झिजून गोल होत असेल ही अपेक्षा. दिसलं वेगळंच: धारेचे बारीक टवके उडालेले होते, तेही काही ठरावीक ठिकाणीच. मग त्याने सूक्ष्मदर्शकाच्या आत मावेल असं उपकरण बनवलं आणि स्वतःच्या नि सहकाऱ्यांच्या केसांवर पातं चालवून पाहिलं. पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि नेमका धारेच्या कमकुवत जागी भिडला, तर टवका निघतो. ऑगस्ट २०२० मध्ये हे 'सायन्स' नियतकालिकात आलं. न्हावी कातडी ताणून, केस उभा करून कापतो त्याला इथे नवा अर्थ मिळतो, असं मला वाटतं. वाकायला केसाला जागाच कमी. पण हा माझा तर्क आहे, निबंधातला निष्कर्ष नाही. आपल्या लिखाणात या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत ठेवायची सवय आतापासूनच लावा.

इथपर्यंत इतिहास छान चालला होता. विलायतेतला, पोलादाचा, मोठ्या नावांचा. अडचण अशी की यात आपल्याकडचा वस्तरा धरणारा हात कुठेच नव्हता. वुट्झ इथून गेलं, पण इथल्या गावात दाढी करणारा माणूस निराळा होता, आणि तो आरशासमोर उभा नव्हता.

आपल्याकडे दाढी हे दुसऱ्याच्या हातचं काम. बारा बलुतेदारांत न्हावी एक. बगलेत धोकटी, तिच्यात वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, चामड्याचा तुकडा, वाटी, आरसा. मजुरी रोजच्या रोज रोख नाही, सुगीला धान्याचा वाटा. शब्दसुद्धा काय सांगतात बघा: 'वस्तरा' फारसीतून आला, 'क्षौर' संस्कृत 'क्षुर'वरून, आणि 'हजाम' अरबीतून, जिथे त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणारा असा आहे. दाढी आणि वैद्यकी एकाच धोकटीतल्या. गळ्यावर धार ठेवू द्यायची म्हणजे विश्वासही आलाच; प्रतापगडचा जिवा महाला आणि पन्हाळ्यावरून निघताना महाराजांचं सोंग घेणारा शिवा काशीद, दोघेही परंपरेने न्हावी समाजातले सांगितले जातात. (जो स्वतःची दाढी करत नाही अशा प्रत्येकाची दाढी गावचा न्हावी करतो, तर न्हाव्याची कोण करतो, हे रसेलच्या नावावरचं कोडं तर्कशास्त्राच्या वर्गात ऐकलं असेल. आमच्याकडे याचं उत्तर सरळ आहे: शेजारच्या वाडीतला न्हावी.)

म्हणजे इथला नवशिका कोण? न्हाव्याचा मुलगा. त्याला कुणी पुस्तक लिहून दिलं नाही. आणि त्याने शिकायचं की नाही हा प्रश्नही त्याला कुणी विचारला नाही.

पण आणखी एक नवशिकी आहे, आणि मी हा लेख लिहायला घेतला तो तिच्यामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत थोड्या पानांच्या आठवणी लिहिल्या आहेत, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाच्या. त्यांत साताऱ्याच्या बालपणाबद्दल, म्हणजे १९०१ च्या सुमाराबद्दल, ते सांगतात की न्हावी त्यांचे केस कापत नसत. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही आणि पैसे परवडत नव्हते असंही नाही. घरातल्या मुलांचे केस कापण्याचं, हजामतीचं काम थोरली बहीण करायची, आणि सतत करून करून ती त्यात चांगली तरबेज झाली होती.

मी हे आधीही वाचलं होतं, शाळेत असतानाच. तेव्हा अन्यायाचं उदाहरण म्हणून वाचलं आणि पुढे गेलो. स्वतः वस्तरा धरल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा त्या एका तपशिलावर अडकलो: सरावाने तरबेज झाली. सराव कुणावर? भावांवरच. लहान मूल स्थिर बसत नाही. त्याचं डोकं धरायचं, हात कापू द्यायचा नाही, रक्त आलं तर पुन्हा न घाबरता हत्यार हातात घ्यायचं. मला महिनाभर जमलं नव्हतं ते तिला जमवावंच लागलं, कारण दुसरा इलाज नव्हता. घरच्या घरी हजामत शिकण्याच्या इतिहासात माझ्या लेखी पेरेच्या पुस्तकाइतकंच महत्त्व त्या मुलीला आहे. तिची हौस नव्हती. तिला शेजारच्या न्हाव्याने नकार दिला होता.

आता याला लागूनच दुसरा नकार ठेवून बघा. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरलं. केशवपन ही न्हाव्यांची मिळकत होती, हे विसरू नका. ज्यांना गावगाड्यात खालचं स्थान, त्यांनी वरच्या जातींच्या घरातल्या एका क्रूर चालीला हत्यार खाली ठेवून उत्तर दिलं. माझ्या दृष्टीने महाराष्ट्राच्या कामगार इतिहासातला हा फार मोठा दिवस आहे.

म्हणजे एकाच धंद्यातले, जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या अंतरातले दोन नकार. एक विधवेच्या बाजूने, दुसरा महाराच्या मुलाविरुद्ध. मी सुरुवातीला या दोन्हींना एका वाक्यात बसवायचा प्रयत्न केला. "न्हावी समाजाने..." अशी वाक्यं सुरू केली आणि प्रत्येक वाक्य खोटं निघालं. मुंबईच्या सभेतले न्हावी आणि साताऱ्यातले न्हावी ही वेगळी माणसं होती, वेगळ्या दबावाखालची. बलुत्यावर जगणाऱ्या न्हाव्याने महाराचे केस कापले तर त्याची बाकीची घरं सुटण्याची भीती. मुंबईत चळवळ पाठीशी होती, गिऱ्हाईक विखुरलेलं होतं. याने साताऱ्याच्या न्हाव्याला माफी मिळत नाही. पण तुमच्या प्रबंधात "समाज" हा शब्द कर्ता म्हणून आला की पेन थांबवा, एवढं मी या प्रकरणातून शिकलो.

पुढचं भराभर सांगतो. १९०३ मध्ये अमेरिकेत जिलेटचा बदलत्या पात्यांचा रेझर विकायला आला आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सामानात गेला. हळूहळू तो आपल्याकडेही आला, आणि ज्याला पातं परवडत होतं त्याचा दाढीपुरता न्हाव्याशी संबंध सैल झाला. सलूनमधला दगडावर घासायचा जुना वस्तरा टिकून होता, तो एड्सच्या भीतीने हटला. "नवीन ब्लेड लावा" हे गिऱ्हाईक सांगू लागलं आणि अर्धं पातं बसवायची मूठ आली. आजही सलूनमध्ये दिसते ती तीच. धार लावण्याची कला त्या एका सोयीने निरुपयोगी ठरली.

ती कला अजून कुणाच्या हातात असेल म्हणून मी गेल्या पावसाळ्यात मालवण तालुक्यातल्या एका वयस्कर न्हावीकाकांकडे गेलो. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. मी माझा वस्तरा दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, अंगठ्याच्या नखावर हलकाच टेकवला आणि परत दिला. "कोणी लावलीहा धार?" मी म्हटलं, मीच. ते काही बोलले नाहीत, तेवढ्यावरून कळलं.

शिकवाल का, असं विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं, "तुका कित्याक व्हयो?" मी सूक्ष्मरचना वगैरे सांगू लागलो. ते ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या झिलांनी सोडलो, आणि तू धरतंस?" त्यांचा थोरला गोव्यात हॉटेलात आहे, धाकटा बँकेत. वस्तरा हातातून सुटावा म्हणून त्यांनी दोघांना शिकवलं होतं. ज्या हत्यारामुळे लग्नकार्यात त्यांना वेगळ्या पंगतीला बसवलं गेलं, ते हत्यार मी कुरियरने मागवून, लाकडी पेटीत ठेवून, हौस म्हणून चालवत होतो. पुरात्त्वाचा किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी कदाचित तयारीने गेला असता. मी प्रश्नांची यादी घेऊन गेलो होतो, त्यात हा प्रश्न नव्हता.

तरी त्यांनी सांगितलं. वडिलांकडे पहिलं वर्ष नुसतं पाणी तापवणं, फेस करणं आणि पातं परजणं. मग मडक्याला साबण लावून तो वस्तऱ्याने काढायचा, मडक्यावर ओरखडा न उठवता. मग स्वतःची नडगी. मग घरातला थोरला भाऊ. गिऱ्हाइकाच्या गालाला हात लागला तो तिसऱ्या वर्षी. माझ्या वाचनात जो कोन अंशांत दिलेला होता, तो त्यांनी एकदाही आकड्यात सांगितला नाही. "वस्तरो फिरवूचो नसता," ते म्हणाले, "कातडी ताणूची असता. वस्तरो आपणच जाता."

ध्वनिमुद्रण नको म्हणाले, म्हणून मी घरी येऊन आठवेल तसं लिहून काढलं. दुसऱ्या भेटीत ते त्यांना वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली, आणि पंगतीबद्दलचं वाक्य काढू का असं मी विचारल्यावर म्हणाले, "तां ऱ्हवांदे." निघताना त्यांनी माझा वस्तरा मागून घेतला. आतून एक काळपट दगड आणला, पाण्याचे चार थेंब टाकले, आणि दहाएक मिनिटं काही न बोलता घासत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हनुवटीसुद्धा जमली.